ब्रनोची ब्रेन, खडकीची गोळी

‘ब्रेन गन’ हे नाव कानावर पडलं की मराठी माणसाला आधी मेंदू आठवतो. मेंदूचा इथे काही संबंध नाही. हे दोन गावांचं जोडनाव आहे. एक तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो, दुसरं लंडनच्या उत्तरेला असलेलं एनफिल्ड. ब्रनोचा ‘ब्र्’ घ्या, एनफिल्डचं ‘एन’ घ्या आणि शाळेत शिकवतात तशी संधी करा. झालं नाव तयार.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश, भारतीय, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन पायदळाची तुकडी म्हटली की तिच्यात बहुतेक वेळा ही लाइट मशीनगन असायची. आपल्या फौजी भाषेत एलएमजी. वजन साधारण दहा किलो, लांबी सव्वा मीटरला थोडी कमी, वेग मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या आणि डोक्यावर केळ्यासारखं वाकडं मॅगझिन. ते केळं पाहिलं की बंदूक लांबूनही ओळखू येते. ब्रिटनमध्ये तिच्या उत्पादनाचा करार झाला १९३५ मध्ये आणि तिची सुधारलेली बहीण १९९१ च्या आखाती युद्धातही सैनिकांच्या हातात होती. मला तिचं कौतुक वाटतं ते तिच्या आवाजासाठी नाही. चिखलात पालथं पडून, थरथरत्या हातांनी ती चालवणाऱ्या साध्या शिपायाचा विचार तिच्या प्रत्येक सुट्या भागात दिसतो, म्हणून वाटतं.

दोन्ही गावं आपल्या ओळखीची

ब्रनो हे नाव परकं वाटत असेल तर दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आठवा. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याची रोपं वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधले ते याच ब्रनोतल्या मठाच्या बागेत. त्याच शहरात पहिल्या महायुद्धानंतर ‘झब्रोयोव्का ब्रनो’ हा शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. वात्स्लाव होलेक या कारागिराने आखलेली ‘झेडबी २६’ ही मशीनगन तिथे तयार होऊ लागली. ब्रेनची आई ती हीच.

या कारखान्याचं आणखी एक अपत्य महाराष्ट्राच्या शेतात फिरून गेलंय. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रनोत ट्रॅक्टर तयार होऊ लागले. नाव ठेवताना कारखान्याच्या नावातला ‘झेट’, म्हणजे आपला झेड, घेतला आणि ‘ट्रॅक्टर’ शब्दाची शेवटची दोन अक्षरं त्याला जोडली. नाव झालं झेटर. १९७१ च्या सुमारास हरियाणातल्या पिंजोर इथे एचएमटीने याच झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. बंदूक आणि नांगरट, दोन्हींचं माहेर एक!

एनफिल्ड तर आपल्या इतिहासात रुतून बसलेलं. तिथला सरकारी शस्त्रकारखाना १८१६ चा. १८५७ मध्ये ज्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपायांमध्ये संतापाचा भडका उडाला, ती १८५३ च्या नमुन्याची रायफल एनफिल्डचीच. आणि ज्या ‘बुलेट’वर बसून पोरं लोणावळ्याचा घाट चढतात, त्या रॉयल एनफिल्डचं नावही इथूनच आलं. रेडिच गावातल्या या सायकल कंपनीला एनफिल्डच्या शस्त्रकारखान्यासाठी सुटे भाग बनवायचं काम मिळालं होतं. त्या मानाच्या कामाची आठवण कंपनीने नावात ठेवली, बोधचिन्हात तोफ घातली आणि आपली गाडी बंदुकीसारखी घडवलेली आहे असं जाहिरातीत अभिमानाने सांगितलं.

परीक्षेत पहिली

पहिल्या महायुद्धातली लुइस गन जड होती आणि तिच्या ठेवणीत नखरे फार. तिच्या जागी नवी एलएमजी हवी म्हणून ब्रिटिश लष्कराने १९३० च्या सुमारास देशोदेशीच्या बंदुका चाचणीला मागवल्या. चिखल, वाळू, हजारो गोळ्या. ब्रनोची बंदूक या सगळ्यातून अशी काही पार पडली की परीक्षक तिच्या प्रेमात पडले. अडचण एकच होती. ती जर्मन घाटाच्या ७.९२ मिलिमीटर काडतुसावर चालायची आणि ब्रिटिशांच्या कोठारात .३०३ च्या काडतुसांचे डोंगर होते. मग ब्रनोच्या मंडळींनी बंदूक बदलली, पुन्हा बदलली, आणखी एकदा बदलली. २६ नंतर २७, ३०, ३३, ३४ असे तिचे अवतार होत गेले. १९३५ मध्ये परवान्याचा करार झाला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये एनफिल्डमधून पहिली ब्रेन बाहेर पडली. युद्ध सुरू व्हायला तेव्हा जेमतेम दोन वर्षं उरली होती.

केळं वाकलं कसं?

घरात डोकं असलेले खिळे असतील तर दहा-बारा एकावर एक आडवे रचून पाहा, सगळी डोकी एकाच बाजूला ठेवून. चळत सरळ राहणार नाही, वाकत जाईल. ब्रेनच्या मॅगझिनचं गुपित एवढंच आहे. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मूळच्या चेक बंदुकीचं काडतूस बिनकडेचं होतं, म्हणून तिचं वीस गोळ्यांचं मॅगझिन सरळ. ब्रेनमध्ये तीस कडेची काडतुसं बसवायची, तर डबी वाकणं भागच होतं.

ही कड मोठी खट्याळ. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की एक दुसऱ्याला धरून ठेवतं आणि बंदूक अडते. त्यामुळे मॅगझिन भरणं हे नेटकेपणाचं काम होतं. प्रत्येक काडतूस बसवताना त्याची कड आधीच्या कडेच्या पुढे आहे ना, हे बोटांनी चाचपायचं. जागा तिसांची असली तरी बहुतेक वेळा २८ च भरायची, म्हणजे आतली स्प्रिंग दमत नाही. रात्री अंधारात, थंडीत, अंगठे बधिर झालेले असताना हे काम करणाऱ्या शिपायांचा विचार केला की युद्धाच्या चित्रपटांत कधीच न दाखवलेली मेहनत डोळ्यांसमोर येते.

ही काडतुसं पुण्याच्या उंबऱ्यावरही तयार व्हायची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात, म्हणजे ‘किर्की फॅक्टरी’. जुन्या काडतुसांचे संग्राहक ती अक्षरं पाहिली की लगेच ओळखतात.

काडतुसातल्या दारूनेही बंदुकीचं रूप बदललं. ब्रिटिश काडतुसात कॉर्डाइट भरलेलं असे. दिसायला ते अगदी शेवयांच्या जुडीसारखं, लांबच लांब काड्या. ते जळताना वेगळ्या तऱ्हेची काजळी मागे ठेवायचं. बंदूक चालवणारा वायू ब्रनोच्या मूळ रचनेत नळीच्या टोकाजवळून घेतलेला होता. कॉर्डाइटच्या काजळीने तिथे घोळ व्हायला लागला, म्हणून वायूचं छिद्र बरंच मागे आणलं. नवं शस्त्र आखायचं म्हणजे दारू, पितळ आणि कड या तिघांशी जुळवून घ्यायचं.

डोक्यावर मॅगझिन, डोळा डावीकडे

मॅगझिन वर का लावलं? गोळीबार करणारा पालथा पडलेला असतो. मॅगझिन खाली असतं तर बंदूक उंच धरावी लागली असती आणि बंदुकीबरोबर डोकंही वर आलं असतं. वर लावल्यामुळे माणूस जमिनीला चिकटून राहतो. शेजारी पडलेला जोडीदारही हात लांबवून रिकामं मॅगझिन काढतो आणि भरलेलं बसवतो. रिकामी काडतुसं खालून बाहेर पडतात, कुणाच्या तोंडावर उडत नाहीत.

मात्र समोर मॅगझिन उभं म्हटल्यावर नेम धरायचा कुठून? म्हणून ब्रेनची माशी आणि मागचं नेमयंत्र दोन्ही डावीकडे सरकवलेली. त्यामुळे ती उजव्या खांद्यावरूनच चालवायची. डावखुऱ्या शिपायाला सवय बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गरम नळी, थंड डोकं

एलएमजीचा खरा शत्रू उष्णता. भराभर गोळ्या सुटल्या की नळी तापते, मग झिजते, मग नेम बिघडतो. ब्रेनवर याचा इलाज साधा आणि सुरेख होता. दुसरी नळी जवळ ठेवा. एक कळ उचलायची, नळीवरच्या लाकडी मुठीला धरून ती ओढून काढायची, थंड नळी बसवायची, कळ खाली. काही सेकंदांत काम तमाम. हात भाजत नाहीत, कारण मूठ लाकडाची. आणि तीच मूठ धरून बंदूक उचलून पळताही येतं. एका तुकड्याने दोन कामं केली की मला तो आखणारा माणूस फार आवडतो.

जोरदार गोळीबारात साधारण दहा मॅगझिननंतर नळी बदलायची, असं शिकवलं जाई. एरवी चार-पाच गोळ्यांचे छोटे झटके द्यायचे. मिनिटाला ५०० चा वेग हा कागदावरचा आकडा आहे. तीस गोळ्यांच्या मॅगझिनमधून तेवढ्या गोळ्या कुणी सोडत नव्हतं.

वायूच्या वाटेवर चार वेगवेगळ्या आकारांची छिद्रं असलेला एक छोटा नियामक असे. काजळी साठून बंदूक मंदावली की मोठ्या छिद्रावर फिरवायची. बंदूक अडली तर काय करायचं, याचीही कवायत ठरलेली. खटका मागे ओढा, मॅगझिन काढा, घोडा दाबा, मॅगझिन लावा, पुन्हा खटका ओढा, चालू. तरीही थांबली तर वायूचं छिद्र बदला. डोळे झाकून जमेपर्यंत हे घोटून घेत, कारण रात्रीच्या हल्ल्यात डोळ्यांचा उपयोग नसतोच.

एकाची नव्हे, सगळ्यांची

ब्रेनबद्दलची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तिच्या पोलादात नाही, शिपायांच्या पट्ट्यांवरच्या थैल्यांत आहे. १९३७ च्या नमुन्याच्या ब्रिटिश गणवेशात छातीवर दोन मोठ्या थैल्या असत. त्यांचं माप ब्रेनच्या मॅगझिनवरून ठरवलेलं होतं. म्हणजे तुकडीतला रायफलवाला गडीही अंगावर ब्रेनची मॅगझिनं वागवायचा. बंदूक एकाच्या खांद्यावर, पण तिची भूक भागवणं सगळ्यांच्या अंगावर. शिकवणही सगळ्यांना. ‘नंबर एक’ पडला तर ‘नंबर दोन’ने घ्यायची आणि तोही पडला तर जो जवळ असेल त्याने.

हे नुसतं नियमपुस्तकातलं नव्हतं. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगामला काय झालं ते पाहा. ४ कुमाऊंचे मेजर सोमनाथ शर्मा यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. शत्रू संख्येने कितीतरी पट जास्त. एलएमजीवाले जखमी होऊ लागले, मारा मंदावू लागला, तेव्हा कंपनीचा हा कमांडर स्वतः मॅगझिनं भरायला बसला आणि ती गनरांना नेऊन देऊ लागला. प्लास्टर बांधलेल्या हाताने! वर सांगितलेली ती कडेची काडतुसं आठवा, एकेक चाचपून बसवायची. ते काम चालू असतानाच उखळी तोफेचा गोळा येऊन पडला आणि मेजर शर्मा गेले. पहिलं परमवीर चक्र त्यांचं.

त्या पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने स्वित्झर्लंडकडच्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. सोमनाथ शर्मा हे त्यांच्या लेकीचे दीर. आपण आखलेलं पदक पहिल्यांदा आपल्याच नात्यात, तेही मरणोत्तर जावं, यावर वेगळं काही लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

पुढच्याच फेब्रुवारीत, ६ तारखेला, नौशेराजवळच्या तैंधारच्या चौकीवर १ राजपूतचे नाईक जदुनाथ सिंह अवघ्या नऊ माणसांनिशी उभे होते. हल्ल्याच्या लाटांवर लाटा. ब्रेनवाला जखमी झाला तेव्हा स्वतः जखमी असलेल्या जदुनाथ सिंहांनी ब्रेन हातात घेतली आणि चौकी राखली. शेवटी सगळे सोबती पडल्यावर हातात स्टेन गन घेऊन एकटे बाहेर पडले आणि त्या धडकेत कामी आले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं.

स्टेनचं नावही ब्रेनच्याच घराण्यातलं. शेफर्ड आणि टर्पिन या दोघांची आद्याक्षरं आणि पुढे तेच एनफिल्डचं ‘एन’.

नेम चुकत नाही, ही तक्रार!

ब्रेनबद्दल सैनिकांत पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. ती म्हणे फार अचूक आहे! झटक्यातल्या पाचही गोळ्या एकाच जागी जातात, आणि मशीनगनने तर गोळ्या थोड्या पसरवायला हव्यात. म्हणून काही जुने गनर झिजलेली नळी पसंत करत. ऐकायला गंमत वाटते, पण मला ही तक्रार पटत नाही. अचूक बंदुकीतून गोळ्या पसरवायच्या तर हात हलवला की झालं. बेभरवशाच्या बंदुकीला अचूक करायला मात्र कुठलाच हात पुरत नाही.

हिंदुस्थानची वेगळी निवड

ब्रिटनने ब्रेन घेतली तरी हिंदुस्थानच्या सैन्याने आधी दुसरीच बंदूक निवडली होती. व्हिकर्स-बर्थिए. मूळ आराखडा फ्रेंच, हक्क ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीकडे, आणि बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बनायची. हीसुद्धा डोक्यावर वाकडं मॅगझिन मिरवणारी, त्यामुळे जुन्या छायाचित्रांत भलेभले तिला ब्रेन समजतात. युद्धाच्या सुरुवातीला आपल्या अनेक पलटणी हीच घेऊन लढल्या, मग हळूहळू ब्रेन आली. हिच्याच आराखड्यातून निघालेली विमानांसाठीची वेगवान मशीनगन पुढे आफ्रिकेच्या वाळवंटात एसएएस या ब्रिटिशांच्या खास पथकाच्या जीपगाड्यांवर चढली.

डंकर्कनंतरची झोप उडवणारी यादी

१९४० च्या मे-जून महिन्यांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून माणसं परत आणली गेली, बंदुका मागे राहिल्या. हजारो ब्रेन गेल्या. तेव्हा ब्रिटनमध्ये ब्रेन बनवणारा कारखाना एकच, एनफिल्डचा. तिथे एक नेमका बॉम्ब पडला असता तर? या भीतीतून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीत हॅरी फॉकनर यांनी बेसल नावाची सोपी एलएमजी आखली. कुठल्याही साध्या कारखान्यात बनेल अशी. पण एनफिल्ड टिकला, ब्रेनचं उत्पादन वाढत गेलं आणि बेसलचे जेमतेम वीसेक नमुने बनून ती कहाणी थांबली.

वाढलेल्या उत्पादनात कोणाकोणाचे हात लागले ते वाचण्यासारखं आहे. मोटारी बनवणारी डेमलर. छापखान्यांसाठी अक्षरजुळणीची यंत्रं बनवणारी मोनोटाइप आणि तिच्या जोडीच्या कंपन्या. म्हणजे अक्षरं ओतणाऱ्या कारागिरांच्या हातून बंदुकीचे भाग! खरं तर आश्चर्य नाही. दोन्ही कामांत हजारांश इंचाचा हिशेब ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियात लिथगोचा कारखाना होता आणि कॅनडात टोरोंटोचा जॉन इंग्लिस.

रॉनी आणि तिची सिगारेट

इंग्लिसला ब्रेनचं कंत्राट मिळालं १९३८ मध्ये, कॅनडासाठी ७,००० आणि ब्रिटनसाठी ५,०००. निविदा न मागवता काम दिलं म्हणून कॅनडात गदारोळ उठला, मासिकात घणाघाती लेख आला, चौकशी आयोग बसला. पण कारखाना उभा राहिला आणि त्यात हजारो स्त्रिया कामाला लागल्या. त्यांच्यातली एक व्हेरोनिका फॉस्टर. १९४१ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने तिची छायाचित्रं काढली. डोक्याला रुमाल, पुढ्यात नुकतीच तयार झालेली ब्रेन, ओठांतून निघालेला सिगारेटचा धूर आणि चेहऱ्यावर कामाचा निवांत अभिमान. ‘रॉनी, ब्रेन गन गर्ल’ म्हणून ती देशभर ओळखली जाऊ लागली. दंड दाखवणाऱ्या अमेरिकन रोझीचं चित्र जगप्रसिद्ध आहे, पण रॉनी तिच्या आधीची, आणि रॉनी खरी कामगार. माझं मत विचाराल तर पोस्टरवर पहिला मान रॉनीचा. युद्धानंतर कित्येक कॅनेडियन घरांत कपडे धुण्याची यंत्रं आली ती याच इंग्लिसच्या नावाची.

भाऊबंद दोन्हीकडे

मार्च १९३९ मध्ये हिटलरने ब्रनो गिळलं आणि तो कारखानाही त्याच्या ताब्यात गेला. मग जर्मन सैन्य ‘एमजी २६’ या नावाने तीच चेक बंदूक वापरू लागलं. ब्रेनची आई एका खंदकात, लेक समोरच्या खंदकात.

पूर्वेकडे तर गुंता आणखी वाढला. चीनने युद्धाआधीच हजारो झेडबी २६ विकत घेतल्या होत्या आणि स्वतःच्या कारखान्यांतही बनवल्या. त्या जपान्यांच्या हाती लागल्या. जपानच्या ‘टाइप ९७’ या रणगाडा-मशीनगनची रचना झेडबी २६ वरूनच घेतलेली. पुढे टोरोंटोच्या इंग्लिसने चीनसाठी ब्रेन बनवल्या, पण ७.९२ मिलिमीटर काडतुसाच्या. म्हणजे ब्रनोची बंदूक इंग्लंडात काडतूस बदलून घेऊन कॅनडात गेली आणि चीनला जाताना पुन्हा जुन्या काडतुसावर आली! १९५० नंतर कोरियात चिनी सैनिक झेडबी घेऊन आणि राष्ट्रकुलाचे सैनिक ब्रेन घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा होलेकचा आराखडा दोन्ही बाजूंनी बोलत होता.

ब्रिटिश रणगाड्यांतली ‘बेसा’ मशीनगनही ब्रनोचीच. तिचं काडतूस बदलायच्या भानगडीत ब्रिटिश पडलेच नाहीत. रणगाडा दलाची रसद वेगळी होती, त्यामुळे ब्रिटनने शत्रूच्या मापाची ७.९२ ची काडतुसं स्वतःच्या कारखान्यात बनवून वापरली.

ब्रेनच्या नावाने एक गाडीही प्रसिद्ध झाली. पट्ट्यांवर धावणारी, उघड्या टपाची, छोटी पण दणकट. अधिकृत नाव ‘युनिव्हर्सल कॅरिअर’, पण शिपाई तिला शेवटपर्यंत ‘ब्रेन कॅरिअर’च म्हणाले. अशा एक लाखाहून अधिक गाड्या बनल्या.

केळं सरळ झालं

१९५० च्या दशकात नाटो देशांनी ७.६२ मिलिमीटरचं बिनकडेचं काडतूस ठरवलं. ब्रेन भंगारात जायला हवी होती, पण तिला नवी नळी, नवा बोल्ट आणि नवं मॅगझिन मिळालं. ब्रिटनमध्ये नाव झालं ‘एल ४’. कड गेली म्हणताच मॅगझिनचा बाकही जवळजवळ गेला. तेच मॅगझिन त्यांच्या एसएलआर रायफलीलाही बसायचं. १९८२ मध्ये फॉकलंडला ती लढली आणि १९९१ मध्ये आखातात. तिचं माहेर असलेला एनफिल्डचा कारखाना मात्र त्याआधीच, १९८८ मध्ये, बंद झाला होता. माहेर बंद झालं तरी लेक लढतच राहिली.

भारतात हीच ७.६२ ची ब्रेन ‘एलएमजी १बी’ म्हणून कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनली. त्यानंतर इन्सास एलएमजी आली. मार्च २०२० मध्ये भारताने इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह एलएमजी घ्यायचा करार केला, किंमत सुमारे ८८० कोटी रुपये. नेगेव्ह पट्ट्यावर चालते, तिच्या डोक्यावर मॅगझिन नाही. जुन्या सुभेदारांना नवी बंदूक पाहून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असेल, तर ते मी समजू शकतो.

समोरून पाहिलं तर

आतापर्यंत आपण बंदुकीच्या मागे उभं राहून पाहिलं. जर्मनांच्या हातातली ‘एमजी ४२’ ब्रेनच्या दुपटीहून वेगवान, मिनिटाला १,२०० गोळ्यांची, पट्ट्यावर चालणारी. जर्मन तुकडी मशीनगनभोवती बांधलेली असे. तिला पुढे सरकवणं हेच रायफलवाल्यांचं काम. ब्रिटिश आणि भारतीय पद्धतीत ब्रेन रायफलवाल्यांना पुढे जायला आडोसा द्यायची. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणी जर्मन मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेल्या.

१० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत सुटले. हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. ठाणं जिंकलं आणि दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. वय २२.

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीत निरोप्याचं काम करणारे. दोन जखमींना त्यांनी खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. हाताला जखम झाली तेव्हा टॉमीगन टाकून हातबॉम्ब घेतले. आणि शेवटी भर माऱ्यात नदीच्या बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली, तेव्हा मागची कंपनी नदी ओलांडून आली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. जाधव परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

घाडगे यांचं गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाल तेव्हा वाटेत माणगाव लागतंच. पाच मिनिटं गाडी थांबवा आणि तो पुतळा पाहून पुढे जा.